पहिल्या ओळीतली शेळी

वैजूताई,

परवा तुझी शोकसभा झाली. मी शेवटपर्यंत थांबलो नाही. मोठे साहेब पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आले होते. त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचलं, की वैजयंतीताई शांत होत्या, सोशिक होत्या, त्यांनी कधी कुणाबद्दल तक्रार केली नाही. मी उठलो आणि बाहेर आलो. बाहेर दत्तूदादा आधीच उभा होता, आपल्या लसगाडीला टेकून.

"सोशिक म्हनं," तो म्हणाला. "ह्यांनी दुसऱ्याच बाईचा कागद आनला का काय रं?"

तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता मला संताप आला. तू फोनवर बोलायला लागलीस की कशेळ्याच्या नाक्यावर जीपची वाट बघणारी माणसं वळून बघायची. तक्रार केली नाहीस? त्याच साहेबांकडे तू सबंध उन्हाळा तक्रार केलीस. त्यांनी ऐकली नाही, आणि आता त्यांच्या न ऐकण्याला ते तुझा सोशिकपणा म्हणतात. त्यांच्या हारातली फुलं खरी होती, एवढंच त्या सभेबद्दल बरं बोलता येईल.

म्हणून मी तुला लिहितोय. तुला सगळं माहीत आहे, निदान तू होतीस तोवरचं. पण कुणीतरी ते सरळ, क्रमानं लिहून ठेवायला हवं, आणि तुझ्यानंतर ह्या खोलीत मीच उरलोय.

आपलं काम बाहेरच्याला सांगायला सोपं आहे. आपली संस्था कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर शेळ्यांना लस टोचते. एक केंद्र खालापूरला. दुसरं आपलं, कशेळ्याला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, जिथं संगणकाच्या कळांवर दर सकाळी पिठाची साय धरते. फेरीच्या आधी केंद्रानं वाड्यांची यादी करायची. एका ओळीत एक वाडी: तिचा क्रमांक, तिचं नाव, ज्याच्या अंगणात शेळ्या गोळा होतात त्याचं नाव, आणि शेळ्या किती. ती यादी पुण्याला पाठवायची. तिथला संगणक ती वाचून घेतो आणि गाडीनं कुठं जायचं, बाटल्या किती द्यायच्या, ते ठरवतो.

यादी करायची तुझी एक रीत होती. सगळ्यात लांबची वाडी सगळ्यात वर. सकाळी भरलेली बर्फाची पेटी दुपारनंतर पाणी होत जाते, आणि गरम झालेली लस टोचली काय अन् न टोचली काय, सारखंच. "बर्फ ताजा आहे तोवर लांब जायचं," तू म्हणायचीस. "रस्त्यावरच्या वाड्यांना काय, त्यांच्याकडे मतं मागायला तरी कुणी जातं." म्हणून आपली पहिली ओळ कायम टेपाच्या वाडीची. गाडी थांबते तिथून पुढं डोंगर चढावा लागतो, वरच्या टेपावरची, म्हणजे उंचवट्यावरची ती वाडी. अंगण चांगुणाबाईचं.

ह्या रीतीनंच घात केला, असं मी लिहिणार होतो. नाही लिहीत. तू माझा कान धरला असतास. घात करणारे वेगळे होते.

त्यांच्याकडे येण्याआधी एक सांगायचं आहे, कारण ते मी तुला समोर कधी सांगितलं नाही. मी पोशीरहून पहिल्यांदा तुझ्याकडे आलो तेव्हा प्लास्टिकच्या फायलीत सगळी प्रमाणपत्रं घेऊन आलो होतो, शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीचंसुद्धा. संगणकाचा पदवीधर, पण इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची तर घाम फुटायचा. तू फायलीकडे बघितलंसुद्धा नाहीस. "मराठी टाइप करता येतं का?" एवढंच विचारलंस. आणि दुसऱ्या दिवशी मी 'मॅडम, तुम्ही' म्हटल्यावर म्हणालीस, "मिल्या, मला अहो-जाहो केलंस तर चहा बंद."

पदवीचा कागद विद्यापीठातून उशिरा आला, तेव्हा तू आमच्या घरी आलीस. आईला समोर बसवलंस आणि त्या कागदावरचा शब्द न् शब्द मोठ्यानं वाचलास, खाली सही कुणाची आहे त्यासकट. बाबा भातगिरणीतून आले होते, अंगावर कोंडा तसाच. ते दारात उभे राहून म्हणाले, "ताई, परत एकदा वाचता का?" तू परत वाचलास. आमच्या घरात इतका मोठा कागद त्याआधी कुणाच्या नावानं आलेला नव्हता. आईनं तो ट्रंकेत ठेवला, पण बाबा अजून म्हणतात, वाचला खरा वैजूताईनं.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो.

पुण्यानं यादी वाचायचं नवं साधन आणलं. आधी आपण यादी छापून पाठवायचो, तिथं कुणीतरी माणूस ती बघायचा. आता फाइल थेट संगणकात. खालापूरच्या केंद्रात नावं इंग्रजीत भरायचे. आपण मराठीत. तुझं म्हणणं सरळ होतं: मार्गाचा कागद शेवटी दत्तूदादाच्या हातात पडतो, त्याला इंग्रजी वाचता येत नाही, आणि गाडी तो चालवतो, पुणं चालवत नाही.

पहिल्या फेरीचा कागद आला. दत्तूदादानं तो खालून वर आणि वरून खाली वाचला.

"ताय, टेपाची वाडी नाय हिच्यात."

"असं कसं? पहिलीच तर आहे."

"पयली मोग्रज हाय. तूच बघ."

तू लगेच फोन लावलास. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू येत नव्हतं, पण तुझ्याकडच्या अर्ध्या बोलण्यावरून सगळं कळत होतं. "सिस्टीममध्ये नाही म्हणजे काय? माझ्यासमोर उघडी आहे... हो, भरलीय... अहो भरलीय! पहिली ओळ!... पुढच्या फेरीत म्हणजे कधी? तोवर गवत उगवेल हो!"

गवत उगवेल, ह्याचा अर्थ पलीकडच्याला कळला नसणार. पाऊस झाला की टेपावर कोवळं गवत येतं, शेळ्या ते अधाशासारख्या खातात, आणि लस नसेल तर आतड्यात विष होऊन एका दिवसात आडव्या होतात. सकाळी उड्या मारणारी शेळी संध्याकाळी ताठ. हे टाळायला लस गवताच्या आधी लागते, नंतर नाही.

पुढच्या फेरीच्या यादीत तू टेपाची वाडी पुन्हा वर ठेवलीस. जोर देऊन ठेवलीस. पुन्हा ती कागदावर आली नाही. बाटल्या तर कागदाप्रमाणेच मोजून येतात, त्यामुळे आपणच उचलून न्यायला हातात काही नव्हतं. तू पुन्हा फोन केलास. पुन्हा 'बघतो'. आणि मग गवत आलं.

चांगुणाबाई बाजाराच्या दिवशी जिना चढून आली. हातात एक दावं होतं. रिकामं. तिनं ते तुझ्या टेबलावर ठेवलं, कळफलकाच्या शेजारी.

"वैजू, आमची वाडी लिवायची ऱ्हायली, का लिवावीशी वाटली नाय?"

तू पडदा तिच्याकडे वळवलास. "हे बघ गं, चांगुणाबाई. पहिलंच नाव तुझं. हे बघ."

"मला काय वाचता येतंय? तिथं तू काय बी लिवशील." तिनं पडद्याकडे बघितलंही नाही. "गाडी खालून दोनदा गेली. आमी वरून बघत व्हतो. हात केला, आमच्या पोरी वराडल्या. गाडी गेली."

आणि ती उतरून गेली. दावं उचलून खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलंस. ते तिथंच राहिलं.

पुण्याहून चौकशीचं पत्र आलं त्यात एक वाक्य होतं: 'केंद्रावर माहिती भरताना झालेली चूक.' खाली तुझं नाव. फोनवर साहेब म्हणाले, खालापूरचं सगळं बरोबर येतं, तुमचंच कसं चुकतं? हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले की मला ते पाठ झालं. खालापूरवाल्यांचा काही दोष नाही, त्यांनाही तेच ऐकवायचे: बघा, तुमचं कसं नीट येतं.

मग मी ती फाइल नेहमीसारखी न उघडता तिच्या पोटातले नुसते आकडे दाखवणाऱ्या साधनातून उघडली. आणि टेपाच्या वाडीच्या क्रमांकाच्या आधी, अगदी सुरुवातीला, काहीतरी होतं. पडद्यावर न दिसणारं. छापलं तरी न उमटणारं. कळीनं मागं मागं गेलं तरी बोटाला न लागणारं.

तुला मी ते समजावलं ते आठवतं. मराठी अक्षरं टिकावीत म्हणून आपण फाइल ज्या प्रकारानं जतन करतो, त्या प्रकारात आपला तक्त्याचा प्रोग्रॅम फाइलच्या तोंडाशी एक छोटी खूण घालतो. खूण एवढंच सांगते, की पुढची अक्षरं अमुक पद्धतीनं वाच. ती नसेल तर आपल्याकडे तीच यादी उघडल्यावर सगळी नावं कचरा होऊन दिसतात. इंग्रजीत भरलं की साधी फाइल चालते, खूण लागत नाही, म्हणून खालापूरला काही अडलं नाही. आणि पुण्याच्या नव्या साधनाला खूण ओलांडायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते खुणेलाच क्रमांकाचा भाग समजत होतं. असल्या क्रमांकाची वाडीच नाही म्हणून पहिली ओळ फेकत होतं, आणि बाकीच्या ओळी गुमान आत घेत होतं.

तू म्हणालीस, "म्हणजे वेशीवरची पाटी रे. पाटी वाचायची आणि गावात यायचं. ह्या शहाण्यानं पाटीच उपटून खांद्यावर घेतली, पहिल्या घराला जाऊन चिकटवली, आणि विचारतोय की हे घर कुणाचं, मला ओळखू येत नाही."

मी आजवर हे ज्यांना ज्यांना समजावलं, त्यांना तुझीच पाटी सांगितली.

पुण्याला कळवलं. मराठीत, चित्रासकट, काय केलं की दुरुस्त होईल तेही लिहून. वाचताना साधनाला एक गोष्ट जास्त सांगायची होती: तोंडाशी खूण असेल तर ती ओलांडून पुढं वाच. चहा पिता पिता होणारं काम. उत्तर आलं: आमच्या साधनात दोष नाही, इतर केंद्रांप्रमाणे नावं इंग्रजीत भरावीत.

ताई, हा न्याय कुठला? आपण आपल्या भाषेत नाव लिहिलं, ते नीट दिसावं म्हणून खूण लागली, खूण ओळखायला तुम्ही शिकला नाहीत, आणि चूक आमची? त्यांच्यातल्याच एका मुलीनं मला फोनवर हळू आवाजात सांगितलं, की न जुळणाऱ्या ओळी एका बाजूला साठतात, पण ते कुणी उघडून बघत नाही. म्हणजे टेपाची वाडी पुण्यात पोचली होती. दोन्ही वेळा. त्यांच्याच संगणकात, नाव, अंगण, शेळ्या, सगळं घेऊन दाराबाहेर बसून होती. आणि त्यांनी आपल्याला लिहिलं की तुम्ही ती पाठवलीच नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून माझी बाजू पुन्हा सांगतो. मी म्हणत होतो, मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहितो, पाठवायच्या आधी खूण काढून टाकतो, आपल्याकडची प्रत खुणेसकट राहील.

"आपण का काढायची?"

"कारण ते काढणार नाहीत."

"म्हणजे दर फेरीला आपण त्यांच्यासाठी आपली पाटी उपटायची. आणि उद्या तू नसलास, मी नसले, की नवा माणूस विसरणार आणि परत टेपाचीच वाडी मरणार. चूक जिथं आहे तिथं दुरुस्त होऊ दे."

"आणि तोवर? ताई, शेळ्या महत्त्वाच्या की तुझं खरं होणं?"

मी आजही म्हणतो, माझा प्रश्न बरोबर होता. आणि तुझं उत्तरही बरोबर होतं, हे मला आता जास्त टोचतं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस तीच हसत. यादी उघडलीस आणि टेपाच्या वाडीच्या डोक्यावर एक नवी ओळ घातलीस. क्रमांक कशेळ्याचा. अंगण: वैजयंती. शेळ्या: एक.

"तुझ्याकडे शेळी कुठंय?" मी म्हणालो. तुला शेळीच्या लेंड्यांचा वास सहन व्हायचा नाही, शिंगांची भीती वाटायची. इतकी वर्षं शेळ्यांच्या याद्या केल्यास आणि एकदाही शेळीला हात लावला नाहीस.

"टेपावरचे लोक वाघबारशीला काय करतात? वाघाचा वाटा बाहेर काढून ठेवतात. तू हे खा, आमच्या गुरांना सोड. मी ह्या यंत्राचा वाटा काढला. दर फेरीला पहिला घास त्याला लागतो ना? मला खा म्हणावं. मी काही कुणाला लस मागायला जाणार नाही."

आणि चाललं. यंत्रानं तुला खाल्लं आणि टेपाची वाडी दुसऱ्या ओळीतून सुखरूप आत गेली. दत्तूदादा कागद हातात घेऊन नाचायचा तेवढा राहिला. मी खुणेवरून भांडत बसलो होतो, तू तुझं नावच पुढं केलंस.

पण लस वर पोचली तरी तू गेली नाहीस. आधी फेरीला तूही गाडीत बसायचीस. आता टेपाची फेरी आली की तुला दुसरं काम निघायचं. मी विचारलं तर म्हणालीस, "कुठल्या तोंडानं जाऊ? पुण्यानं लिहून देऊ दे की चूक माझी नव्हती. तो कागद घेऊन जाईन आणि चांगुणाबाईला वाचून दाखवीन." माझी पदवी वाचलीस तशी, मोठ्यानं, सहीसकट, असंच तुझ्या मनात असणार.

तो कागद आला नाही. तुझं हृदय त्याआधी थांबलं. त्या चौकशीच्या पत्रानं तुझा जीव घेतला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं आणि तू रक्तदाबाची गोळी चहाबरोबर घ्यायला विसरायचीस हे मला माहीत आहे. पण तुझ्या नावापुढं 'चूक' लिहिलेली असताना तू गेलीस, हे कुठल्या डॉक्टरनं लिहायचं?

आता जे तुला माहीत नाही ते.

तू गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानं साधन दुरुस्त केलं. गाजावाजा नाही, माफी नाही. सगळ्या केंद्रांना एका ओळीचा निरोप: प्रणालीत सुधारणा केली आहे. मी आपली नेहमीची यादी पाठवली होती, तुझ्या हातची, तशीच. तुझी ओळ काढायला माझा हात धजला नव्हता. आणि ह्या वेळी यंत्रानं पहिली ओळ खाल्ली नाही.

फेरीच्या सकाळी दत्तूदादाचा फोन आला. "मिलिंद, कागदावर पयलं अंगन ताईचं हाय. एक शेळी लिवलीय. मी काय करू?"

"दादा, ते तसंच आहे. पुढं जा."

"कागदावर हाय म्हनल्यावर पुढं कसा जाऊ?"

तो खरंच तुझ्या दारात थांबला. तुझी आई बाहेर आली. तिनं सांगितलं, शेळी नाय रं बाबा, च्या हाय. तो बसून चहा प्याला आणि आईजवळ रडला, हे त्यानं मला सांगितलं नाही, आईनं सांगितलं.

आणि काल, शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्याहून निरोप: 'आपल्या केंद्रातून अस्तित्वात नसलेल्या लाभार्थीची नोंद आली आहे. माहिती भरतानाची ही चूक पुढील फेरीआधी दुरुस्त करावी.' पुन्हा तेच शब्द. परवा ज्यांनी तुझ्या फोटोला हार घातला त्यांना त्या ओळीतलं नाव ओळखता आलं नाही. टेपाची वाडी होती तेव्हा ती नाही म्हणाले, आता कागदावर तू आहेस तर तू अस्तित्वात नाहीस म्हणतात.

मी उत्तर लिहायला बसलो आणि लिहून होईना. मग खिळ्यावरचं दावं काढलं आणि टेपावर गेलो.

चांगुणाबाई अंगणात होती. मी दावं तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. खूण, पाटी, पहिलं घर, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मी वाघाच्या वाट्यापाशी आलो तेव्हा ती एकदम ताठ बसली.

"थांब. म्हंजी आमच्या आधी तिनं सोताला घातलं?"

"हो."

"आनि मला बोलली नाय?"

"तिला कागद हवा होता. तुला वाचून दाखवायला."

"येडी!" ती ओरडली, आणि आवाज तुझ्यासारखाच लागला. "कागूद मी कधी वाचलाय? ती वर आली असती, इथं बसली असती, तर मला कळलं नसतं? मी बी त्या दिशी लई बोलले तिला. माज्या शेळ्या गेल्या व्हत्या, मी कोनाला बोलू? पुन्याला?" मग पदरानं नाक पुसून तिनं विचारलं, "आता ते येंत्र खातंय का अजून?"

"नाही. आता दुरुस्त केलंय."

"मंग वाघ गेला. वाघ गेला का वाटा ज्याचा त्याला."

ती उठली आणि गोठ्यातून एक लहान शेळी घेऊन आली. तांबडी, एका कानावर पांढरा ठिपका. मी आणलेलं दावं तिच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"ताईच्या अंगनात एक शेळी लिवलीय ना? ही ती. तिच्या आईला दे. म्हातारीला इरंगुळा व्हईल."

"चांगुणाबाई, तुझ्याच किती गेल्या, आणि—"

"तू हिशेब नको सांगू रं. धर."

डोंगर उतरताना शेळीनं मला तीनदा पाडलं असेल. तू असतीस तर रस्त्याच्या पलीकडून चालली असतीस. तुझ्या आईनं तिला बघितलं, नाक मुरडलं, अगदी तू मुरडायचीस तसं, आणि मग पत्र्याच्या डब्यात पेज घालून तिच्यासमोर ठेवली.

आज सकाळी मी पुण्याला उत्तर पाठवलं. मराठीत. लिहिलं, की पहिल्या ओळीत चूक नाही. अंगण आहे, शेळी आहे, कुणीही येऊन बघावं. जिच्या नावाचं अंगण आहे ती हयात नाही, आणि तिच्या नावावर लिहिलेली चूक तुमची होती, हे तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं आहे. तो कागद येईपर्यंत मी दर फेरीला मागणार आहे. आला की टेपावर नेणार आहे आणि चांगुणाबाई नको म्हणाली तरी मोठ्यानं वाचणार आहे.

सोबत नवी यादी जोडली, खुणेसकट. तुझं म्हणणं होतं तसं. त्या भांडणात एवढा एक गुण तुला दिला, जास्त नाही.

उद्या फेरी आहे. एका शेळीसाठी कशेळ्यात बाटली फोडता येत नाही, ती फोडली की दिवसभरात संपवावी लागते, हे मी दत्तूदादाला सांगितलं. तो म्हणाला, त्याला काय झालं, शेळीला ताई बसायची त्या शीटवर बसवतो. तिथून ती थेट टेपाच्या वाडीवर जाईल, बर्फ ताजा असताना, चांगुणाबाईच्या अंगणात बाकीच्या शेळ्यांबरोबर टोचून घेईल आणि संध्याकाळी तुझ्या दारात उतरेल.

तुझ्या सीटवर लेंड्या पडतील, ताई. दत्तूदादानं आत्ताच गोणपाट अंथरून ठेवलंय.

— मिलिंद